शेताखालून जाणारी गॅसलाइन: वाचकांचे प्रश्न

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून आणि नवी मुंबईच्या गावठाणांतून गॅसलाइन आणि ड्रिलिंगबद्दल बरीच पत्रं आली. त्यातल्या काहींची उत्तरं इथे देत आहोत. जवळपास प्रत्येक पत्रात एकच तक्रार आहे: काम चालू असतं, पण विचारलं तर धड कुणी सांगत नाही. सांगणं ही कंपनीची जबाबदारीच आहे. पण गावाने स्वतः काय पाहायचं, काय मोजायचं आणि काय लेखी मागायचं हेही माहीत असायला हवं, म्हणून उत्तरं थोडी तपशिलात गेली आहेत.

प्रश्न: कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेला, आमच्या गावाच्या वेशीवर आठ दिवसांपासून तिरपं ड्रिल मारणारं मशीन उभं आहे. जमिनीतून गॅस काढणार आहेत असं गावात बोललं जातं. परवा शेजारच्या विहिरीत राखाडी गाळ आला. घाबरण्यासारखं आहे का?
– वाचक, कल्याण तालुका

उत्तर: गॅस काढण्यासाठी हे मशीन नाही. आपला जिल्हा काळ्या कातळावर, म्हणजे लाव्हाच्या थरांवर बसलेला आहे. गॅसच्या विहिरी इथे नाहीत. या भागातला गॅस समुद्रातला. मुंबई हायचा शोध १९७४ साली लागला. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवरच्या त्या क्षेत्रातून समुद्रतळावरच्या लाइनने गॅस उरणला येतो. शिवाय गुजरातच्या दहेजकडून येणारी मोठी लाइनही आहे.

ड्रिल तिरपं आहे, ही खूण पुरेशी आहे. रस्ता, ओढा किंवा वस्ती न खणता खालून पाइप सरकवण्याचं हे काम आहे. आधी बारीक भोक पाडतात. वरून एक माणूस लोकेटर, म्हणजे जमिनीखालचं ड्रिलचं टोक शोधणारं यंत्र, घेऊन चालतो आणि प्रत्येक रॉडला खोली नोंदवतो. मग रीमरने भोक पाइपच्या साधारण दीडपट रुंद करतात आणि शेवटी पाइप उलट ओढून घेतात. भोक ढासळू नये म्हणून त्यात बेंटोनाइट मातीचं पाणी दाबाने सोडलेलं असतं. विहिरीत आलेला राखाडी गाळ बहुधा तोच. आपल्याकडे वर मुरूम आणि खाली भेगांचा खडक. बोअर उथळ मारलं, दाब जास्त ठेवला किंवा आतला चुरा बाहेर न येता भोक तुंबलं, की हे पाणी भेगांतून वाट काढतं.

बेंटोनाइट ही मातीच आहे, विष नव्हे. तरी विहिरीला ते घातकच, कारण ते फुगतं आणि झरे लिंपून टाकतं. म्हणून दोन-चार दिवस वाट पाहू नका. काम थांबवायला सांगा. गाळ खाली बसण्याआधी विहीर उपसून घ्या आणि झऱ्यांच्या तोंडांवर स्वच्छ पाण्याचा मारा करून घ्या. उपसलेलं पाणी ओढ्यात न सोडता टँकरने न्यायला लावा. ओढ्यात गेलं तर मासे गुदमरतात. या पाण्यात सोडा अॅश आणि पॉलिमरही घालतात, तेव्हा वापरलेल्या प्रत्येक पदार्थाची माहितीपत्रकं मागा. पिण्याआधी पाण्याचा सामू, गढूळपणा आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) तपासून घ्या. तलाठ्यांकडून पंचनामा त्याच दिवशी झाला पाहिजे.

एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि ती गावांना कुणी सांगत नाही. आडवं बोअर मारताना मधे सांडपाण्याचा पाइप आला तर नवा गॅस पाइप त्याच्या पोटातून आरपार जाऊ शकतो. त्या वेळी कुणाला कळत नाही. वर्षा-दोन वर्षांनी गटार तुंबतं, सफाईवाला सळई किंवा मशीन घालतो आणि गॅस पाइप फोडतो. गॅस मग गटारातून थेट घराघरात शिरतो. म्हणून बोअरच्या मार्गात जिथे जिथे गटार किंवा पाण्याची लाइन आडवी येते, तिथे कंपनीने आधी हाताने चाचणी खड्डा खणून ती उघडी करून पाहिली आहे का, हे विचारा. काम संपल्यावर पाइप प्रत्यक्षात कुठून आणि किती खोलीवरून गेला त्याचा नकाशा ग्रामपंचायतीत जमा करून घ्या.

प्रश्न: आमच्या दोन एकरांच्या मधून मोठी गॅसलाइन गेली आहे. वर काय करता येतं आणि काय नाही? ट्रॅक्टर, बोअर, आंब्याची कलमं, राब भाजणं, सगळ्याबद्दल सांगा.
– शेतकरी, मुरबाड तालुका

उत्तर: १९६२ च्या पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइन कायद्याने कंपनीला तुमच्या जमिनीतल्या, लाइन जिथून जाते त्या पट्ट्याचा फक्त वापरहक्क मिळतो. सातबाऱ्यावरची मालकी तुमचीच राहते. त्या पट्ट्यात इमारत किंवा कुठलंही बांधकाम, विहीर, तळं, बंधारा आणि झाड लावणं यांना मनाई आहे. शेती करायला मनाई नाही. भात, नाचणी, वरी, भेंडी, काकडी खुशाल घ्या. आंब्याचं कलम पट्ट्याबाहेर लावा, कारण मुळं पाइपवरचं आवरण उकलतात आणि तिथून गंज सुरू होतो.

पाइपवर मातीचं आच्छादन किमान एक मीटर असायला हवं. साधा नांगर २० ते ३० सेंटिमीटर जातो, त्याची काळजी नको. सबसॉयलर, म्हणजे खोलवरची माती फोडणारं अवजार, मात्र पट्ट्यात घालू नका. तो पाऊण मीटरपर्यंत जाऊ शकतो आणि टाकताना असलेलं मीटरभर आच्छादन आज तेवढंच असेल याची खात्री नसते. आपल्या भागात ते कमी होतं ते दोन कारणांनी. डोंगरउताराच्या खाचरांत पावसाळ्यात माती वाहून जाते, आणि वीटभट्टीसाठी शेतातली वरची माती उचलली जाते. भट्टीवाल्याला माती दिलीच असेल तर पट्टा सोडून. एका हंगामात फूटभर माती गेली तर उरलेल्या दोन फुटांवर कुणाचा तरी जेसीबीचा दात टेकायला वेळ लागत नाही. आणि असा दात लागून नुसता ओरखडा पडला, गॅस बाहेर आला नाही, तरी कळवा. ओरखड्याच्या जागी पोलाद पातळ होतं, आवरण फाटतं आणि फुटणं पुढे कधीतरी होतं. माती ढकलून झाकून टाकणं हा यातला सर्वांत घातक प्रकार आहे.

बोअरचं तर नावच नको. बोअरची हातोडी कातळ फोडते, तिच्यापुढे पाइप टिकत नाही. मार्करच्या, म्हणजे लाइनची जागा दाखवणाऱ्या, दोन खांबांमध्ये सरळ रेघ धरून अंदाज बांधू नका. लाइनला वाकणं असतात. बोअर, कुंपणाचे खांब किंवा सौरपंपाचा पाया यांपैकी काही पट्ट्याच्या जवळ करायचं असेल तर कंपनीचा माणूस बोलावून लाइन जागेवर आखून घ्या. जेसीबी किंवा बोअरच्या ठेकेदाराला मार्च २०२३ मध्ये आलेल्या ‘कॉल बिफोर यू डिग’ या सरकारी अॅपवर आधी नोंद करायला लावा. मुरुमाने भरलेले हायवा ट्रक पावसाळ्यात पट्ट्यावरून नेऊ नका. न्यावेच लागले तर ठरलेल्या एकाच जागी, पोलादी पत्रे किंवा स्लॅब टाकून.

राबाची, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर पाला टाकून पेटवलेल्या आगीची, उष्णता मीटरभर खाली पोचत नाही, त्यामुळे त्याने पाइपला इजा होत नाही. धोका असा की जवळ बारीक गळती असेल तर ती तुमच्या राबावर पेट घेईल. म्हणून राबाची जागा पट्ट्यापासून दूर निवडा आणि लाइन बंद करण्याच्या व्हॉल्व्ह स्टेशनच्या कुंपणाजवळ पालापाचोळा कधीच पेटवू नका. तिथल्या व्हेंटमधून, म्हणजे हवेत उघडणाऱ्या नळीतून, गॅस सोडला जाण्याची शक्यता असते.

प्रश्न: गळती झाली तर वास येईलच ना?
– वाचक, शहापूर

उत्तर: येईलच असं धरू नका. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. घरी येणाऱ्या गॅसला जो कुजका वास असतो तो शहराच्या वितरणात शिरताना मिसळलेल्या मर्कॅप्टन या रसायनाचा. लांब पल्ल्याच्या मोठ्या लाइनमध्ये तो बहुधा नसतो. जिथे असतो तिथेही गॅस मातीतून झिरपताना वास मातीत राहून जाऊ शकतो.

त्यामुळे डोळे आणि कान वापरा. आजूबाजूचं गवत हिरवं असताना एकच गोल तुकडा पिवळा पडून वाळतो, कारण गॅस मातीतली हवा हुसकून लावतो आणि मुळं गुदमरतात. कोरड्या दिवसांत धूळ एकाच जागी उडत राहते. शिट्टीसारखा किंवा फुस्स असा आवाज येतो. मोठ्या दाबाची गळती असेल तर आजूबाजूची माती गार पडते, कधी पांढरं दहिवर धरतं. भाताच्या खाचरात पाणी भरलेलं असताना ओळखणं सर्वांत सोपं: एकाच ठिकाणी, न थांबता बुडबुडे. कुजलेल्या पेंढ्याचे बुडबुडेही येतात, पण ते पाय पडला किंवा काठीने ढवळलं की येतात आणि थांबतात. लाइनचे बुडबुडे रात्री पाहा, सकाळी पाहा, तिथेच असतात. फरक ओळखता आला नाही तरी कळवा. काडी पेटवून खात्री करायला कुणी जाऊ नये. हवेत मिथेन, म्हणजे नैसर्गिक वायूचा मुख्य घटक, ५ ते १५ टक्के असला की तो पेटतो आणि डोळ्यांना ५ टक्के दिसत नाहीत.

संशय आला की वारा कुठून येतो ते पाहा आणि वारा जिकडून येतो तिकडे किंवा वाऱ्याला आडवे निघा. ट्रॅक्टर, मोटारसायकल चालू करू नका. पंपाचा स्टार्टर चालू करू नका, बंदही करू नका. ठिणगी दोन्ही वेळा पडते. फोन दूर जाऊन करा: मार्करवरचा कंपनीचा आपत्कालीन नंबर आणि ११२. मार्करवर किलोमीटरचा आकडा लिहिलेला असतो, तो सांगा. ‘अमक्याच्या शेतात’ एवढ्याने नियंत्रण कक्षाला जागा सापडत नाही, आकड्याने लगेच सापडते. गॅस पेटलाच तर पाणी मारून विझवू नका. ज्योत विझली आणि गॅस येत राहिला तर तो साचतो आणि मग स्फोट होतो. व्हॉल्व्ह बंद करणं हाच उपाय, आणि ते काम कंपनीचं. शेतातल्या विहिरीत किंवा खड्ड्यात बुडबुडे दिसले तर पाहायला खाली उतरू नका, तिथे प्राणवायूच नसू शकतो.

२७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातल्या नगरम इथे हेच घडलं. गंजलेल्या लाइनमधून गॅस वस्तीत पसरला, सकाळी पेटला आणि वीसहून अधिक माणसं गेली.

प्रश्न: टिटवाळ्याजवळ प्लॉट पाहतोय. गॅसलाइन जवळ आहे. किती अंतर सुरक्षित?
– वाचक, डोंबिवली

उत्तर: कायद्याने बंदी फक्त वापरहक्काच्या पट्ट्यात आहे. पण पट्ट्याच्या कडेला घर बांधणं कायदेशीर असलं, तरी तेवढ्याने ते सुरक्षित होत नाही. लाइन पूर्ण फुटून पेटली तर झळ कुठवर जाईल याचं एक सूत्र पाइपलाइन अभियंते वापरतात, ते तुम्हीही वापरू शकता. पाइपचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, दाब मेगापास्कलमध्ये घेऊन त्याचं वर्गमूळ काढा, दोन्हींचा गुणाकार करा आणि ०.१ ने गुणा. उत्तर मीटरमध्ये येतं. ३० इंची लाइन म्हणजे ७६२ मिलिमीटर. दाब ९० बार म्हणजे ९ मेगापास्कल, वर्गमूळ ३. उत्तर सुमारे २३० मीटर. १८ इंची लाइन ४९ बारवर असेल तर सुमारे १०० मीटर. व्यास आणि दाब कंपनीकडे लेखी विचारा. नवी मुंबईच्या गल्लीत ४ बारवर चालणाऱ्या प्लास्टिक पाइपला हे लावून घाबरू नका. तो वेगळा विषय आहे.

आणखी एक मुद्दा विकासक सांगत नाहीत. लाइन टाकताना दोन्ही बाजूंच्या २०० मीटर पट्ट्यात, १.६ किलोमीटर लांबीत किती घरं आहेत ते मोजून तिचा वर्ग (लोकेशन क्लास) ठरतो: दहापर्यंत घरं तर पहिला, त्याहून जास्त पण ४६ पेक्षा कमी तर दुसरा, ४६ पासून पुढे तिसरा, बहुमजली इमारतींची दाटी असेल तर चौथा. पहिल्या वर्गात पाइपच्या ताकदीच्या ७२ टक्क्यांपर्यंत ताण चालतो, पुढे ६०, ५० आणि ४०. बंद करण्याचे व्हॉल्व्हही जवळ जवळ यावे लागतात: जास्तीत जास्त ३२, २४, १६ आणि ८ किलोमीटरवर. टिटवाळा, बदलापूर, शहापूरकडे लाइन गेली तेव्हा रान होतं, आता बंगले आणि चाळी उठल्या आहेत. मग वर्ग बदलला पाहिजे: दाब कमी करायचा, नाहीतर जाड पाइप टाकायचा. ‘आमच्या हद्दीतल्या लाइनचा सध्याचा लोकेशन क्लास कोणता आणि शेवटची मोजणी कधी झाली?’ हा प्रश्न ग्रामपंचायतीने ठराव करून विचारावा. याचं उत्तर कंपनीकडे असायलाच हवं.

प्रश्न: मुलगी अंकलेश्वरजवळच्या गावात दिली आहे. तिच्या शेताच्या बांधाला लागून ड्रिलिंगची रिग उभी राहतेय. तिकडे तर खरोखरच विहीर खणतात. त्यांनी काय पाहावं?
– वाचक, ऐरोली

उत्तर: हो, तिथे जमिनीखाली खरोखरच तेल आणि गॅस आहे, आणि तिथले प्रश्न आपल्यापेक्षा वेगळे आहेत.

खोलवरचा गॅस वर उसळू नये म्हणून ड्रिलिंग करताना भोकात जड चिखल भरलेला ठेवतात. पाण्यापेक्षा १.२ पट जड चिखलाचा २००० मीटरचा स्तंभ तळाशी सुमारे २३५ बार दाब देतो. खालच्या खडकातला दाब त्याहून जास्त निघाला की गॅस भोकात शिरतो आणि टाकीतली चिखलाची पातळी आपोआप वाढू लागते. तेव्हा तोंडावरचा बीओपी, म्हणजे झटक्यात विहीर बंद करणारा व्हॉल्व्हसंच, मिटवायचा असतो. चिखल हा पहिला अडसर, बीओपी दुसरा. दोन्ही एकाच वेळी गेले की विहीर उसळते. आसाममध्ये तिनसुकिया जिल्ह्यातल्या बाघजानला २७ मे २०२० रोजी दुरुस्तीचं काम चालू असताना, बीओपी काढल्यावर तेच झालं. ९ जूनला आग लागली, अग्निशमनाचे दोन जवान गेले, हजारो माणसं छावण्यांत राहिली आणि विहीर शांत व्हायला नोव्हेंबर उजाडला. आंध्रात पासरलापुडीची विहीर १९९५ मध्ये दोन महिन्यांहून जास्त काळ जळत होती. असे प्रसंग विरळा घडतात, पण घडतात तेव्हा गावाला पळायला मिनिटं मिळतात. म्हणून रिगवर वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी आहे का, भोंग्याचा अर्थ गावाला सांगितला आहे का आणि जमायची जागा वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना ठरली आहे का, हे आधी पाहावं. गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असण्याची शक्यता आहे का, हे स्पष्ट विचारावं. तो हवेपेक्षा जड असल्याने सखल जागी साचतो. आधी कुजक्या अंड्यांचा वास येतो आणि प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं नाही.

पाण्याचं म्हणाल तर सगळं पहिल्या केसिंगवर अवलंबून असतं. पोलादी नळी घालून तिच्याबाहेर जमिनीपर्यंत सिमेंट भरतात. तिचा तळ गावातल्या सर्वांत खोल बोअरच्या बराच खाली गेला आहे का आणि सिमेंट तपासणीच्या नोंदी (लॉग) चांगल्या आल्या का, हे दोन प्रश्न विचारावेत. ड्रिलिंग सुरू होण्याआधी घरच्या बोअरचं पाणी तपासून ठेवणं सर्वांत मोलाचं, कारण ‘आधी पाणी कसं होतं’ हे नंतर सिद्ध करता येत नाही. टीडीएस, क्लोराइड, बेरियम, बेंझिन आणि विरघळलेला मिथेन, एवढ्या चाचण्या करा. मिथेनची बाटली काठोकाठ, हवेचा बुडबुडा न राहता भरायची आणि पंचांसमोर सील करायची. लिटरमागे १० मिलिग्रॅमपर्यंत काळजी नको. २८ च्या वर गेलं तर बंद खोलीत त्या पाण्याची टाकी ठेवू नये.

फक्त शोधासाठीची विहीर असेल तर जानेवारी २०२० च्या बदलानंतर जनसुनावणीची सक्ती राहिलेली नाही. ही मोठी उणीव आहे. उत्पादनाच्या विहिरींसाठी सुनावणी होते. तिथे तोंडी बोलून भागत नाही, लेखी निवेदन देऊन पोच घ्यावी.

प्रश्न: नवीन लाइनची नोटीस आली आहे. मोबदला किती? हरकत कशी घ्यायची?
– शेतकरी, भिवंडी तालुका

उत्तर: अधिसूचनेनंतर हरकतीला २१ दिवस मिळतात. सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी द्या, पोच घ्या. वापरहक्कापोटी अधिसूचनेच्या तारखेच्या बाजारभावाच्या १० टक्के मिळतात, पीक, झाडं आणि बांध यांचं नुकसान वेगळं. पुढे दुरुस्तीसाठी पुन्हा खणलं तर त्या वेळचं नुकसान पुन्हा मागता येतं. रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं. काम संपल्यावर सहीच्या आधी शेतात चक्कर मारा: वरची काळी माती वर आणि मुरूम खाली, याच क्रमाने भरलं आहे का ते पाहा. उलट भरलं तर तीन-चार वर्षं त्या पट्ट्यात भात नीट होत नाही.

प्रश्न: लाइनवरच्या एका खांबातली तांब्याची वायर चोरीला गेली. काही बिघडतं का?
– वाचक, शिळफाटा परिसर

उत्तर: लगेच काही होत नाही, पण कळवा. तो मोजणीचा खांब आहे. पाइपला गंज चढू नये म्हणून तिला बारीक वीज दिलेली असते आणि ती पुरेशी पोचते का, म्हणजे उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त उणे आहे का, हे त्या वायरीवर मोजतात. वायर नसेल तर त्या टप्प्यातला गंज कुणाला दिसत नाही. खांबाला म्हैस बांधायची सवयही मोडा. वायर आतून तुटते.

प्रश्न: ग्रामपंचायतीच्या फलकावर काय लिहावं?
– सरपंच, मुरबाड तालुका

उत्तर: लाइनचं आणि कंपनीचं नाव, आत गॅस आहे की पेट्रोल-डिझेल (मुंबई-मनमाड लाइनसारखी तेलाची लाइनही आपल्या जिल्ह्यातून जाते, तिची गळती ओढ्यात वासाने आणि तवंगाने कळते), व्यास, आपत्कालीन नंबर, हद्दीतल्या मार्करचे पहिले आणि शेवटचे आकडे, दोन्ही बाजूंचे जवळचे व्हॉल्व्ह कुठे आहेत ते, आणि लाइनवॉकरचा, म्हणजे लाइनवर पायी गस्त घालणाऱ्याचा, फोन. खाली ठळक अक्षरात: गाडी चालू करू नका, स्टार्टरला हात लावू नका, वारा जिकडून येतो तिकडे चला. पावसाळ्याआधी एकदा त्या नंबरवर फोन लावून पाहा आणि उचलायला किती वेळ लागला ते तारखेसह फलकाच्या कोपऱ्यात लिहा.